पुढचे शून्य कुठे गेले? स्प्रेडशीट, ऑनलाइन दुकान आणि हरवणाऱ्या माहितीचा इतिहास

एका गृहउद्योगाने आपल्या तीनशे वस्तूंची यादी स्प्रेडशीटमध्ये तयार केली आहे, असे समजू. हळद, काजू, चहा, मध, शिवाय लहान मुलांचे कपडे. प्रत्येक वस्तूसमोर तिचे नाव, किंमत, बारकोड, करासाठी लागणारा एचएसएन क्रमांक आणि शिल्लक नग नोंदवलेले आहेत. यादी डोळ्यांखालून नीट घातलेली आहे. ती फाइल ऑनलाइन दुकानात अपलोड होते आणि चित्र बिघडते. हळदीच्या एचएसएन क्रमांकातला एक अंक गळालेला असतो. शेकडो वस्तूंचे बारकोड सारखेच झालेले असतात. १,२५० रुपयांच्या वस्तूची किंमत १ रुपया दिसते. ‘१०-१२’ वर्षे वयाचा सदरा ‘१० डिसेंबर’ या मापाचा होतो. आणि देवनागरीत लिहिलेल्या नावांच्या जागी अनोळखी चिन्हांची रांग उभी राहते.

देशभरातील लहान विक्रेते, त्यांचे हिशेबनीस आणि हे काम सांभाळणारे विद्यार्थी या प्रसंगातून नित्य जातात. बहुतेकांना वाटते की टंकताना आपलीच चूक झाली. वस्तुतः यातील प्रत्येक बिघाडाला स्वतःचा इतिहास आहे. कोणत्या तरी वर्षी, कोणत्या तरी अडचणीवर, त्या काळी योग्य वाटलेला एक निर्णय कोणीतरी घेतला आणि तो आजच्या फाइलपर्यंत टिकून राहिला. हाच प्रकार संशोधनाच्या फाइलींतही घडला आहे आणि एका देशाच्या साथनियंत्रणातही. म्हणून हा इतिहास दुकानदाराइतकाच विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असायला हवा.

अंक की नाव?

१९७९ साली अमेरिकेत ॲपल टू या संगणकासाठी ‘व्हिजिकॅल्क’ हा कार्यक्रम विक्रीस आला. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे विद्यार्थी डॅन ब्रिकलिन यांची ती कल्पना, आणि बॉब फ्रँकस्टन यांनी तिचा कार्यक्रम लिहिला. फळ्यावरील तक्त्यात एक आकडा बदलला की पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागत. ते काम संगणकाने आपोआप करावे, एवढाच मूळ हेतू होता.

त्यासाठी संगणकाला एक गोष्ट प्रत्येक चौकटीत ठरवावी लागे. लिहिलेला मजकूर ही संख्या आहे की नुसते नाव? व्हिजिकॅल्कने सोपा नियम केला. पहिले चिन्ह अक्षर असेल तर ते नाव, अंक असेल तर ती संख्या. अंकाने सुरू होणारे नाव लिहायचे असल्यास आधी अवतरणचिन्ह टंकावे लागे. १९८३ साली आलेल्या ‘लोटस १-२-३’ने त्या कामासाठी एकेरी अवतरणचिन्ह वापरले आणि एक्सेलमध्ये ते आजही चालते.

हिशेबाच्या तक्त्यासाठी हा नियम पुरेसा होता. तिथे अंकांनी लिहिलेले जवळजवळ सगळे बेरजेसाठीच असते. परंतु दुकानाच्या यादीत अंकांनी लिहिलेल्या कितीतरी गोष्टी संख्या नसतातच. बारकोड, पिनकोड, दूरध्वनी क्रमांक, एचएसएन क्रमांक यांची कोणी बेरीज करत नाही की सरासरी काढत नाही. ती नावे आहेत, केवळ अंकांच्या लिपीत लिहिलेली. बिघाडांचे मूळ या एका गफलतीत आहे.

हळदीचे घड्याळ

जगातील व्यापारी मालाचे वर्गीकरण करणारी ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली. भारतात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर तिचे क्रमांक किरकोळ व्यापाऱ्याच्या बिलापर्यंत पोहोचले. या क्रमांकाचे पहिले दोन अंक प्रकरण दाखवतात. नववे प्रकरण कॉफी, चहा आणि मसाल्यांचे, म्हणून चहाचा क्रमांक ०९०२ ने सुरू होतो. काजू ०८०१ मध्ये, आंबा ०८०४ मध्ये, मध ०४०९ मध्ये. शेतीतून येणारा बराचसा माल पहिल्या काही प्रकरणांत असल्याने त्याच्या क्रमांकाच्या पुढे शून्य असते.

हळदीचा सहा अंकी क्रमांक ०९१०३० आहे. स्प्रेडशीटने त्याला संख्या मानले की पुढचे शून्य निरर्थक ठरते आणि ९१०३० उरते. आता पहिले चार अंक ९१०३ असे वाचले जातात. वर्गीकरणाचे एक्क्याण्णवावे प्रकरण घड्याळांचे आहे. अशा रीतीने मसाल्याच्या डब्यातली हळद कराच्या तक्त्यात घड्याळांच्या रांगेत जाऊन बसते. कोणताही इशारा मिळत नाही, कारण गणिताच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते. स्थानमूल्य पद्धतीत डावीकडच्या टोकाच्या शून्याला किंमत नाही. नावात मात्र त्याला पूर्ण किंमत आहे.

जीएसटीतील राज्यांच्या संकेतांकांचेही तसेच. महाराष्ट्राचा संकेतांक २७, गोव्याचा ३०. तिथे काही बिघडत नाही. दिल्लीचा ०७, राजस्थानचा ०८, उत्तर प्रदेशचा ०९. त्यामुळे पुण्यात निर्दोष चाललेली फाइल जयपूरच्या ग्राहकाच्या नोंदीपाशी अडते आणि दोष कुठे आहे हे पुण्यात बसून सुचत नाही.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिनकोड पद्धत या आपत्तीतून सुटली आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेल्या या सहा अंकी क्रमांकाचा पहिला अंक शून्य नसतो. अमेरिकेतील टपाल क्रमांकांना ते भाग्य लाभले नाही. विशेष म्हणजे ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात व्हिजिकॅल्क जन्माला आले, तिथले टपाल क्रमांक शून्यानेच सुरू होतात.

तेरा अंकांपैकी सहा

२६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, ट्रॉय गावच्या एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड यंत्राने वाचला. किरकोळ विक्रीतील तो पहिला बारकोड. आज भारतातील संस्थेकडे नोंदवलेल्या बारकोडचा क्रमांक तेरा अंकी असून तो ८९० ने सुरू होतो. त्यानंतरचे काही अंक कंपनीचे, पुढचे वस्तूचे आणि शेवटचा अंक पडताळणीचा.

तेरा अंकी संख्या एक्सेलच्या साध्या चौकटीत पूर्ण दिसत नाही. ८९०१२३४५६७८९० हा क्रमांक तिथे ८.९०१२३ई+१२ असा, म्हणजे ‘८.९०१२३ गुणिले दहाचा बारावा घात’ असा दिसतो. इथपर्यंत काही हरवलेले नसते. १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकानुसार संगणक अशा संख्या ५३ बिटांच्या अचूकतेने साठवतो आणि एक्सेल त्यांतील पंधरा सार्थ अंक राखते. तेरा अंक त्यात सुखाने मावतात. रकाना रुंद करून त्याचे स्वरूप बदलले की पूर्ण क्रमांक पुन्हा दिसू लागतो.

खरा घात पुढच्या पायरीवर होतो. ही फाइल सीएसव्ही स्वरूपात सेव्ह केली की आत साठवलेली संख्या लिहिली जात नाही. पडद्यावर जे दिसते ते लिहिले जाते. ८.९०१२३ई+१२ हा मजकूर ऑनलाइन दुकानाने वाचला की तो ८९०१२३००००००० होतो. पहिले सहा अंक उरतात आणि बाकीचे शून्य होतात. एकाच कंपनीच्या वस्तूंचे सुरुवातीचे अंक सारखेच असल्याने तिचा सगळा माल एकाच क्रमांकाचा होऊन बसतो. काही दुकाने ‘क्रमांक आधीच वापरात आहे’ म्हणून ओळ नाकारतात. काही त्याहून वाईट वागतात. प्रत्येक नवी ओळ आधीच्या वस्तूवर लिहून टाकतात आणि तीनशे वस्तूंची एकच वस्तू शिल्लक राहते.

पंधरापेक्षा लांब क्रमांकांना तर सेव्ह करण्याचीही वाट पाहावी लागत नाही. मालाच्या खोक्यांवरील अठरा अंकी क्रमांक संख्या म्हणून टंकला की त्याचे शेवटचे तीन अंक त्याच क्षणी शून्य होतात. रकाना कितीही रुंद केला तरी ते परत येत नाहीत.

इथे एक भेद ध्यानात घ्यावा. उष्मागतिकी शिकणाऱ्याला तो परिचित आहे. काही बदल परिवर्तनीय असतात, काही अपरिवर्तनीय. ८.९०१२३ई+१२ असे दिसणे हा परिवर्तनीय बदल आहे. ते तसे सेव्ह होणे अपरिवर्तनीय. बिघाड शोधताना म्हणूनच पहिला प्रश्न ‘दुरुस्त कसे करू?’ हा नसून ‘माहिती अजून आहे का, आणि नसेल तर ती कोणत्या पायरीवर गेली?’ हा असला पाहिजे.

सदऱ्याचे माप आणि जनुकाचे नाव

स्प्रेडशीट तारखांनाही संख्याच मानते. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि पुढे दर दिवशी एक वाढतो. लोटस १-२-३ने १९०० हे लीप वर्ष धरले होते, जे ते नव्हते. लोटसच्या फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक जशीच्या तशी ठेवली. त्यामुळे एक्सेलमध्ये ६० हा अंक आजही २९ फेब्रुवारी १९०० ही अस्तित्वात नसलेली तारीख दाखवतो. मॅकिंटॉशवरचे एक्सेल १९०४ पासून मोजत असे. दोन पद्धतींत १,४६२ दिवसांचे अंतर आहे. एका पद्धतीतील दिनांक दुसरीत नकळत गेले की ते चार वर्षे आणि एक दिवस सरकतात.

‘१०-१२’ हे सदऱ्याचे माप चौकटीत लिहिले की कार्यक्रम त्याला तारीख समजतो. २०२४ साली भारतीय मांडणीत ते १० डिसेंबर २०२४ झाले असते. चूक लक्षात आल्यावर ती चौकट ‘मजकूर’ म्हणून बदलली तर ‘१०-१२’ परत येत नाही, ४५६३६ येते. मूळ माप कार्यक्रमाने कधीच टाकून दिलेले असते.

याच सवयीने जीवशास्त्राचे मोठे नुकसान केले. काही मानवी जनुकांची संक्षिप्त नावे इंग्रजी महिन्यांसारखी होती, उदाहरणार्थ ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट२’. स्प्रेडशीटमध्ये त्यांच्या १ मार्च आणि २ सप्टेंबर अशा तारखा होत. २००४ साली बॅरी झीबर्ग आणि सहकाऱ्यांनी या दोषाकडे शोधनिबंधातून लक्ष वेधले. तरी सवय सुटली नाही. २०१६ साली मार्क झिमन, योतम एरेन आणि आसाम एल-ओस्ता यांनी एक्सेलमधील जनुकयाद्या जोडलेले ३,५९७ शोधनिबंध तपासले. त्यांतील ७०४ निबंधांत, म्हणजे सुमारे पाचात एकात, जनुकांच्या नावांत असा बिघाड सापडला. हे निबंध लेखक, परीक्षक आणि संपादक या तिघांच्या नजरेखालून गेलेले होते.

अखेरीस माघार घेतली ती जीवशास्त्राने. मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली नवे नियम प्रसिद्ध केले. ‘मार्च१’ आता ‘मार्चएफ१’ आहे आणि ‘सेप्ट१’चे ‘सेप्टिन१’ झाले आहे. असे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली. व्हिजिकॅल्कपासून मोजले तर चव्वेचाळीस वर्षांनी.

स्वल्पविरामाची किंमत

स्वल्पविरामांनी वेगळी केलेली माहिती संगणकाला देण्याची पद्धत १९७२ च्या सुमारास आयबीएमच्या फोरट्रानमध्ये होती. सीएसव्हीचे रूढ नियम मात्र २००५ साली आरएफसी ४१८० या दस्तऐवजात एकत्र लिहिले गेले. मधल्या तीन दशकांत प्रत्येक कार्यक्रमाने आपापला नियम केला होता आणि अनेकांनी तो आजही सोडलेला नाही.

सीएसव्ही फाइल म्हणजे निव्वळ मजकूर. कोणता रकाना संख्येचा, कोणता तारखेचा, कोणता नावाचा, हे सांगणारी एकही खूण तिच्यात नसते. वाचणारा कार्यक्रम अंदाज करतो, आणि दोन कार्यक्रमांचे अंदाज सारखे असतीलच असे नाही. ‘०५/०६/२०२४’ ही तारीख भारतीय मांडणीत ५ जून असते, अमेरिकी मांडणीत ६ मे. त्याच रकान्यातील ‘१३/०६/२०२४’ अमेरिकी मांडणीत तारीख ठरूच शकत नाही, म्हणून ती मजकूर म्हणून राहते. एकाच रकान्यात काही तारखा उलटलेल्या आणि काही तशाच राहिलेल्या दिसल्या, तर कारण बहुधा हेच असते.

किमतीचा बिघाडही असाच उलगडतो. १,२५० ही किंमत अवतरणचिन्हांविना सीएसव्हीत गेली तर स्वल्पविराम तिचे दोन तुकडे करतो. किंमत १, आणि शेजारच्या ‘शिल्लक नग’ या रकान्यात २५०. पुढचे सगळे रकाने एक घर सरकतात. लाखांच्या भारतीय पद्धतीत १,२५,००० चे तीन तुकडे होतात. किमतीपुढे रुपयाचे चिन्ह लावले तर निराळाच प्रश्न उद्भवतो. उदयकुमार यांनी आखलेले हे चिन्ह केंद्र सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये त्याला जागा मिळाली. त्याआधीच्या पाश्चात्त्य संकेतसंचांत त्याला जागाच नाही. तिथे त्याचे प्रश्नचिन्ह होते आणि किंमत संख्या राहत नाही.

तीन अक्षरे, नऊ बाइट

संगणकात अक्षरे नसतात, अंक असतात. कोणत्या अंकाला कोणते अक्षर म्हणायचे हा संकेत असतो. भारतीय लिप्यांसाठी असा सामाईक संकेत घडवण्याचे काम देशातच झाले. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित झाले आणि ‘इस्की’ हा संकेत १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे.

युनिकोडची अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची यूटीएफ-८ ही रीत सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात आखली. तीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘हळद’ या शब्दाची तीन अक्षरे नऊ बाइट घेतात. वाचणाऱ्या कार्यक्रमाने ही फाइल जुन्या पाश्चात्त्य संचातील आहे असे धरले, तर तो प्रत्येक बाइटचे एक वेगळे चिन्ह दाखवतो. देवनागरीचा पहिला बाइट नेहमी २२४ असल्याने तेच एक चिन्ह, वर तिरकी रेघ असलेले रोमन अक्षर, पुन्हा पुन्हा दिसत राहते. दर दोन चिन्हांनंतर ते येत असेल तर निदान निश्चित समजावे.

इथेही तोच भेद लागू पडतो. चिन्हांची रांग दिसते तोवर नऊ बाइट शाबूत असतात. योग्य संकेत निवडून फाइल पुन्हा उघडली की ‘हळद’ परत येते. पण देवनागरीला जागा नसलेल्या संचात फाइल सेव्ह झाली आणि अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे आली, तर काहीच उरत नाही. सगळी प्रश्नचिन्हे सारखीच असतात. त्यांतून हळद कोणती आणि काजू कोणते, हे कोणताही कार्यक्रम सांगू शकणार नाही.

१५,८४१ माणसे

जुन्या एक्सएलएस स्वरूपाच्या एका पानात ६५,५३६ ओळी मावतात, म्हणजे दोनाचा सोळावा घात. २००७ पासूनच्या नव्या स्वरूपात १०,४८,५७६, म्हणजे दोनाचा विसावा घात. जागा संपल्यावर जास्तीच्या ओळी पुढे जात नाहीत.

२०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत प्रयोगशाळांकडून कोविड चाचण्यांचे निकाल सीएसव्ही फाइलींत येत. ते आपोआप एक्सएलएस साच्यात भरून पुढे पाठवले जात. एका रुग्णाच्या नोंदीला अनेक ओळी लागत, त्यामुळे एका साच्यात सुमारे १,४०० रुग्णच बसत. साथ वाढली, साचे भरले आणि उरलेले गळाले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीतून सुटली. त्या रुग्णांना आपला निकाल कळला होता. मात्र त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. ज्यांना वेळीच सावध करायचे होते, असे लोक ते दिवस नेहमीप्रमाणे वावरत राहिले.

या प्रसंगात एकही आकडा चुकीचा लिहिला गेला नव्हता. आलेल्या नोंदी आणि पुढे गेलेल्या नोंदी यांची संख्या जुळवून पाहिली गेली असती, तर अंतर पहिल्याच दिवशी उघड झाले असते.

आकड्यांची उलटतपासणी

आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी त्यांना प्रश्न विचारण्याची परंपरा भारतात संगणकापूर्वीपासून आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ होते. कोलकात्यात १९३१ साली त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९३३ साली ‘सांख्य’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच्या पहिल्याच खंडात त्यांनी हर्बर्ट रिझली यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेली बंगालमधील लोकांची शारीरिक मापे पुन्हा तपासली. रिझली यांचे वंशविषयक सिद्धान्त आज विज्ञानाला मान्य नाहीत. महालनोबीस यांचा प्रश्न त्याहून प्राथमिक होता. हे छापील आकडे एकमेकांशी तरी जुळतात का? ज्या राशी परस्परांपासून काढता येतात त्या पडताळून त्यांनी चुका शोधल्या आणि दुरुस्त्या सुचवल्या.

पुढे बंगालमधील तागाच्या क्षेत्राच्या पाहण्यांत त्यांनी आणखी एक पद्धत रूढ केली. एकाच भागातून दोन स्वतंत्र नमुने घ्यायचे, दोन वेगळ्या चमूंनी मोजायचे आणि निकाल ताडून पाहायचे. दोहोंतील अंतर हेच चुकीचे मोजमाप. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही ही पद्धत वापरली गेली.

ऑनलाइन दुकानाची फाइल तपासताना हेच तत्त्व उपयोगी पडते. मूळ फाइलीची एक प्रत न उघडता बाजूला ठेवावी. बिघडलेली फाइल स्प्रेडशीटमध्ये न उघडता आधी नोटपॅडसारख्या साध्या मजकूर-संपादकात पाहावी. तिथे शून्य दिसत असेल तर दोष वाचणाऱ्या कार्यक्रमाचा, दिसत नसेल तर ते सेव्ह करण्यापूर्वीच गेलेले आहे. सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून उघडू नये. आयातीची सोय वापरून प्रत्येक रकान्याचा प्रकार स्वतः सांगावा. ज्याची बेरीज करण्यात अर्थ नाही तो प्रत्येक रकाना ‘मजकूर’ ठेवावा. आयातीपूर्वीच्या आणि नंतरच्या ओळी मोजाव्यात, किमतींची बेरीज दोन्हीकडे ताडावी, भिन्न बारकोड किती आहेत ते पाहावे. पुढे शून्य असलेली, देवनागरी नाव असलेली, चार आकडी किंमत असलेली अशा पाचसहा अवघड ओळी आधी पाठवून पाहाव्यात आणि मगच बाकीच्या तीनशे.

बारकोडमध्ये तर तपासनीस आतच बसवलेला आहे. पहिल्या बारा अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करावी. ती दहाच्या पटीत नेण्यासाठी जो अंक मिळवावा लागतो तोच तेरावा अंक. ८९०१२३४५६७८९० मध्ये बेरीज १३० येते, म्हणून शेवटचा अंक ०. क्रमांक योग्य आहे. बिघडलेल्या ८९०१२३००००००० मध्ये बेरीज ४९ येते. शेवटचा अंक १ हवा होता, आहे ०. स्प्रेडशीटच्या एका ओळीच्या सूत्राने हा दोष अपलोड करण्याआधीच पकडता येतो.

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांना उपकरणाची शून्य-त्रुटी तपासायला शिकवतात. व्हर्नियर कॅलिपर हाती घेतल्यावर पहिले काम ते असते. मोजलेले आकडे ज्या फाइलीत उतरवले जातात, तीही एक उपकरणच आहे. तिची शून्य-त्रुटीही पहिल्या नोंदीआधी तपासली गेली पाहिजे. हळदीची पुडी विकणाऱ्याला चुकीचे बिल जाऊ नये, एवढ्यासाठी ती तपासणी जितकी लागते, तितकीच ती रुग्णाचा निकाल योग्य टेबलावर वेळेत पोहोचावा यासाठीही लागते.